चार चाकांची मोटारसायकल आणि वहिनींची ठेव

गेल्या पावसाळ्यानंतर अलिबागकडील आमच्या गावाहून थोरल्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, बँकेतली ठेव मोडायची आहे. तुमचेही नाव आहे तीवर, सहीला या." आमचे थोरले बंधू पालिकेच्या नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या फंडाची ही ठेव वहिनींनी मुलीच्या लग्नातही मोडली नव्हती. मग आताच काय अडले? तर पुतण्याला 'एटीव्ही' घ्यायची होती.

ही एटीव्ही म्हणजे जाड चाकांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली चारचाकी. समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती. वाडीच्या वाटेवरील चिखलात ती चालेल, नारळ घरी आणता येतील, रविवारी पर्यटकांना बसवून चार पैसे सुटतील, असा त्याचा हिशेब. हिशेब वाईट नव्हता. एक रिसॉर्टवाला जुनी गाडी दीड लाखात द्यायला तयार होता.

आम्ही उभी हयात एस. टी. डेपोच्या कचेरीत गाड्यांचे कागद सांभाळण्यात घालवली. त्यामुळे सही करण्याआधी गाडी पाहायला गेलो. गाडी छान होती. नंबरप्लेट मात्र नव्हती. कागद मागितले तेव्हा खरेदीचे एक बिल पुढे आले.

"नंबर कशाला हवा, काका? ही कुंपणाच्या आतली गाडी. पाचशेच्या स्टँपवर विक्री लिहून देतो."

माणूस अगदीच खोटे बोलत नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ यात केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले खास वाहन 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळले आहे. तो त्याच सवलतीवर बोट ठेवत होता. पण आमचे घर आणि वाडी यांच्यामध्ये ग्रामपंचायतीचा रस्ता आहे. किनाऱ्यावर तर सारा गाव येतो. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ते सार्वजनिक ठिकाण, असे हाच कायदा म्हणतो. आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणीवाचून मोटार वाहन चालवता येत नाही, मालकाने दुसऱ्याला चालवू देणेही चालत नाही.

"मग नोंदणी करून घेऊ," पुतण्या म्हणाला. खरी मेख इथेच होती. आरटीओत नोंदणीसाठी फॉर्म २० चा अर्ज, विक्रेत्याचा फॉर्म २१, गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कारखानदाराचा फॉर्म २२ आणि विमा लागतो. फॉर्म २२ केव्हा मिळतो? तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे त्या नमुन्याची गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर झालेली असेल तेव्हा. पोलारिस कंपनीने अशी एक गाडी ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेऊन विकली आहे. पण समोरच्या गाडीला तसली मंजुरी कधीच नव्हती. ती आता स्टँपपेपरने कुठून येणार? शिवाय भाडे घेऊन माणसे बसवायची तर परमिट वेगळे.

हे सारे आम्ही परतीच्या एस. टी.त त्याला सांगत होतो. तो खिडकीबाहेर पाहत होता. वहिनींनी मात्र एकच विचारले, "कुणा पोराला लागले तर?" नोंदणी नाही, विमा नाही, तर भरपाई घरातून. आणि धाकटा नातू चालवायला बसला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक आणि गाडीमालक यांनाच जबाबदार धरतात. वहिनींनी ठेवीची पावती पुन्हा ट्रंकेत ठेवली.

पुढे पुतण्याने स्वतःच्या कमाईतून गावातल्याच एका शिक्षकांची जुनी स्कूटर घेतली. गुरुजी म्हणाले, नाव सवडीने बदलू, आपण काय परके आहोत? आम्ही त्यांनाच समजावले की, गुरुजी, यात धोका तुम्हाला आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सांगितले आहे की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचे नाव, तोच भरपाईला बांधील. हे ऐकून त्यांनी त्याच दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. स्कूटरवर पूर्वी कर्ज होते, म्हणून बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ ही जोडला. विमा नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत दिला. पीयूसी आम्ही स्वतः काढून आणली, कारण पुतण्याला त्यात काही अर्थ वाटत नव्हता.

नव्या नावाचे आरसी कार्ड पोस्टाने घरी आले. पुतण्या अजून आमच्याशी नीट बोलत नाही. मागच्या रविवारी स्कूटरवरून नारळांचे पोते घेऊन आला, ओट्यावर टाकले आणि चहा न घेताच निघाला. हेल्मेट मात्र डोक्यावर होते.