तिसऱ्या गिअरची गाडी

घरात एक मोटरसायकल असताना दुसरी घ्यायची म्हटलं की लोक पहिलीची चौकशी करतात. विकणार का, बिघडली का, मन उडालं का? यातलं काहीच नाही. माझी ऐंशीच्या दशकातली बुलेट ठणठणीत आहे आणि हातपाय चालतात तोवर माझ्याकडेच राहणार आहे. दुसरी गाडी हवी आहे ती खरं तर तिच्याच भल्यासाठी. रोजचं ऑफिस, पावसाळ्यातला चिखल, शिवाय ताम्हिणी उतरून माणगावला आईकडे जाणं-येणं, हे सगळं जुन्या बिडाच्या इंजिनाकडून करून घेणं मला पटत नाही. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं. त्या काळच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेलेच नव्हते.

बुलेट सुरू करणं हे एक काम आहे आणि ते मला मनापासून आवडतं. चावी फिरवायची, किक सावकाश दाबत न्यायची. कॉम्प्रेशन पायाला लागलं की डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक आणखी जराशी पुढे न्यायची. नजर अँमीटरवर. डिस्चार्जकडे झुकलेला काटा पॉइंट उघडताच मध्यावर येतो. तिथेच थांबायचं, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच किक. पिस्टन कुठे आहे हे पायाला कळतं, हा आनंद बटण दाबून मिळत नाही. पण सकाळी नऊला, पाऊस कोसळत असताना, मागे बायको डबा घेऊन उभी असताना मला बटणच हवं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच गाड्याही दोन.

आता घ्यायची कुठली? शोरूममध्ये बोलणं हॉर्सपॉवरपासून सुरू होतं. मी विचारतो, टॉर्क किती आणि किती आरपीएमला? होंडाच्या सीबी ३५० मध्ये ३० न्यूटन-मीटर टॉर्क ३००० आरपीएमलाच मिळतो, पॉवर मात्र जेमतेम २१ पीएस. ट्रायम्फची स्पीड ४०० ही २०२३ मध्ये आलेली गाडी आमच्या चाकणलाच बजाजच्या कारखान्यात तयार होते. तिची पॉवर ४० पीएस, म्हणजे जवळपास दुप्पट. टॉर्क साडेसदतीस, पण तो पूर्ण मिळायला ६५०० आरपीएम गाठावे लागतात. कागदावर दुसरी कितीतरी पुढे आहे. चालवतानाही ती झकास पळते, हलकी वाटते, आणि इंजिन खाली मरत नाही. तरी तिचा खरा रंग वर चढतो.

माझं आयुष्य खाली जातं. महाराष्ट्रात दुचाकीवाल्याला शंभराच्या पुढे सलग जाता येईल असे जे रस्ते बांधले गेले, त्यांवर त्याला प्रवेशच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नाही, समृद्धीवरही नाही. आमच्या वाट्याला जुना हायवे, तालुक्याचे रस्ते आणि घाट. ताम्हिणीच्या चढावर वळणात वेग तिसाच्या आसपास येतो. समोरून एसटी वळण खात खाली येत असते, रस्त्यावर झऱ्याचं पाणी आलेलं असतं. अशा वेळी क्लच न धरता, दुसरा न टाकता, नुसत्या मुठीच्या फिरकीवर गाडीने तिसऱ्यात ओढायला हवं. इंजिन धडधडायला लागलं, चेनला हिसके बसू लागले, की समजायचं ही गाडी या रस्त्याची नाही. उतरतानाही तेच. तिसऱ्यात मूठ सोडली की इंजिनाने गाडी धरून ठेवली पाहिजे, म्हणजे ब्रेक वळणासाठी राखून ठेवता येतो. घाट चालवणं म्हणजे बहुतेक वेळा तिसरा गिअर सांभाळणं, असं माझं मत झालं आहे. त्यामुळे टॉप स्पीड मी कुणाला विचारतच नाही.

वजन मात्र विचारतो, आणि तेही काट्यावरचं नाही. १८१ किलोची गाडी पळताना कुणालाच जड नसते. सोसायटीच्या तळघरातून उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना तिचं वजन कळतं. हिमालयन ४५० मला देखणी वाटते, खराब रस्त्याला तिचं सस्पेन्शन फार चांगलं. पण ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवरून माझे चवडेच टेकतात, आणि मागे माणूस व सामान असताना ओल्या उतारावर दोन्ही टाचा टेकायला हव्यात. मागच्या सीटचा निर्णय तर माझा नाहीच. बायको अर्धा तास बसेल आणि सांगेल, तो शेवटचा शब्द.

कराचंही गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. गरज साडेतीनशेत भागत असेल तर सरकारनेही तिकडेच ढकललं आहे. पण करासाठी गाडी निवडू नये. कर एकदाच भरायचा, चढ दर खेपेला चढायचा.

या सगळ्यापेक्षा मला जास्त विचार करायला लावते ती गोष्ट पायांची आहे. माझ्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे. नव्या गाडीत नेमकं उलट. नेहमीच्या चालवण्यात हे दोन दिवसांत बसतं, असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरही आहे. प्रश्न नेहमीच्या चालवण्याचा नाही. वळणावर म्हैस आडवी आली की डोकं काही विचारत नाही, पाय आपसूक जातो, आणि तो वर्षानुवर्षांच्या सवयीकडे जातो. तिथे मागच्या ब्रेकऐवजी गिअरचा लिव्हर दाबला गेला तर एबीएस काय करणार? १२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१८-१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, फार चांगलं झालं. पण ब्रेक दाबला गेला तरच ते कामाला येतं.

दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवणारे जुने लोक एक गोष्ट करतात. गाडी बदलली की गल्लीतच, दहाच्या वेगात, मागचा ब्रेक तीन-चारदा दाबून घेतात. पुढचा ब्रेक दोन्हीकडे उजव्या हातालाच, म्हणून आधी हात, मग पाय, अशी सवय लावून घेतात. मी तेच करणार आहे. शिवाय घरी सांगून ठेवलंय की नवी गाडी आली की पहिला महिनाभर बुलेट नुसती सुरू करून ऑइल फिरवून बंद करायची, रस्त्यावर काढायची नाही. आणि ताम्हिणीला तर पाय पक्का बसेपर्यंत नव्या गाडीवरही जायचं नाही. आईला तेवढे दिवस एसटीने भेटून येईन.