ज्याचं देणं त्यालाच

अल्लाह माफ करतो, कर्म माफ करत नाही. इस्लाम आणि कर्मसिद्धांत यांची तुलना निघाली की एवढं बोलून मी विषय मिटवत असे. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे माझ्या अशा वाक्यांना उगाचच वजन यायचं. सर्वधर्मसमभावाच्या कार्यक्रमांत कुणी चित्रगुप्ताच्या वहीशेजारी आमालनामा लिहिणारे किरामन-कातिबीन हे दोन फरिश्ते आणून बसवले, की मला ते पत्रिका जुळवल्यासारखं वाटायचं. गुण जुळले म्हणजे संसार होतोच असं नाही.

माझा मुद्दा तसा पोकळ नव्हता. कर्माला न्यायाधीश लागत नाही. मीमांसकांनी तर फळ देण्यासाठी ईश्वरही मध्ये आणला नाही. यज्ञातून 'अपूर्व' नावाची शक्ती निर्माण होते आणि ती वेळ आली की फळ देते, असं त्यांनी मांडलं. जैनांच्या लेखी कर्म म्हणजे जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल. तिथे रदबदली कुणाकडे करणार? याउलट कुराणाच्या ९९व्या सूरेत कणभर भलं आणि कणभर बुरंही समोर येईल असं बजावलेलं असलं, तरी ३९व्या सूरेत अल्लाहच्या दयेबद्दल निराश होऊ नका, असंही सांगितलंय. म्हणजे हिशेब आहे, पण तो माफ करणारा मालकही आहे. मला हा फरक निर्णायक वाटायचा.

आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सहकारी होते, मराठी मुसलमान, साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर ते हजला निघाले, तेव्हा घरी आले. चहा घेतला, गुडघेदुखीबद्दल बोलले आणि उठता उठता म्हणाले, "सर, इतकी वर्षं एकत्र काढली. बोलण्या-वागण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. काही देणं राहिलं असेल तर तेही सांगा." मी अर्थातच "अहो, काय हे!" म्हणून हात झटकले. ते जागचे हलले नाहीत. "नाही, तोंडाने म्हणा. अल्लाहचं देणं अल्लाह माफ करील. तुमचं त्याच्याकडे नाही मागता येत."

हजला निघणारे लोक गावभर फिरून अशी माफी मागतात, उधाऱ्या चुकवतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. मला तो निरोपाचा शिष्टाचार वाटायचा. त्यामागे एवढा कडक नियम असेल असं मनात आलं नव्हतं.

मग मी विचारत गेलो, वाचत गेलो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेली 'गीता प्रवचने' माझ्या कपाटात होती आणि त्यांनीच संकलित केलेलं 'कुराण-सार'ही होतं. दुसऱ्याची पानं मात्र चिकटलेलीच होती. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहातली एक गोष्ट त्या गणिताच्या सरांनी सांगितली. प्रेषितांनी सोबत्यांना विचारलं, दिवाळखोर कोण? ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो, असं ते म्हणाले. प्रेषितांचं उत्तर वेगळं होतं. कयामतच्या दिवशी एक माणूस भरपूर नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. त्याचं पुण्य एकेकाला वाटून दिलं जाईल. पुण्य संपलं आणि घेणेकरी उरले, तर त्या लोकांची पापं याच्या खात्यावर चढतील.

हे ऐकल्यावर माझं ते एका ओळीचं वाक्य बोलायची सोय राहिली नाही. इथे माफीची हद्द दुसऱ्या माणसाच्या उंबऱ्याशी संपते. शहिदाचंही सगळं माफ होतं, कर्ज होत नाही, अशी हदीस त्याच संग्रहात आहे. जनाज्याच्या नमाजाआधी मयताचा मुलगा पुढे येऊन "वडिलांकडे कुणाचं येणं असेल तर मला सांगा" असं जाहीर करतो, त्याचंही मूळ या काळजीत आहे.

आणि कर्म कुणालाच माफ करत नाही, हे तरी कितपत खरं? भागवतातला अजामिळ मरताना मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारतो आणि यमदूत रिकाम्या हाताने परततात. तीर्थं, व्रतं, दानं, नामस्मरण या सगळ्यांनी आपण कर्माला किती खिडक्या पाडल्यात! कडक कर्मसिद्धांत पोथीत राहिला; घरात सवलतीच जास्त चालल्या. तरीही चोरीचं प्रायश्चित्त सांगताना मनूने आधी माल परत करायला लावलाय. तो श्लोक मी शिकवलाही होता, पण तिकडची कडक बाजू दिसल्यावर इकडची लक्षात आली. फरिश्ते आणि चित्रगुप्त यांच्यापेक्षा मला ही जवळीक खरी वाटते: देवाशी झालेला सौदा शेजाऱ्याचं देणं फेडत नाही.

सगळं आधीच लिहिलेलं असेल तर माणूस जबाबदार कसा, हा गुंताही दोन्हीकडे आहे. इस्लाममधल्या मुतझिली आणि अशअरी पंथांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातला. टिळकांना 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं अख्खं प्रकरण लिहावं लागलं. त्यात मी इथे शिरत नाही.

पुनर्जन्मापाशी मात्र जुळणी थांबते आणि ती ओढूनताणून करू नये असंच मला वाटतं. अल-बिरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिताना आपल्या वाचकांना सांगितलं होतं की मुसलमानाची ओळख जशी कलिमा, तशी हिंदूंची ओळख पुनर्जन्म. इस्लाममध्ये मूल कोरं जन्मतं. ते पांगळं असलं तरी मागचं काही फेडत नसतं. आपल्याकडे "गेल्या जन्मीचं भोगतंय" हे किती सहज म्हटलं जातं! 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये आंबेडकरांनी यावरच बोट ठेवलं: मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून काढून टाकतो. या बाबतीत मी आंबेडकरांच्या बाजूला आहे, म्हणजे ओघानेच इस्लामच्या जवळ.

हे मी गणिताच्या सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते खूश होतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी ४२व्या सूरेतली आयत काढून दिली. तुमच्यावर येणारी संकटं तुमच्याच हातांच्या कमाईची असतात आणि त्यातलं बरंच अल्लाह माफ करतो, असा तिचा आशय. "म्हणजे आमच्यातही म्हणणारे म्हणतात सर, 'काहीतरी केलं असेल याने,'" ते म्हणाले. मी अय्यूब पैगंबरांचं उदाहरण दिलं. काहीही गुन्हा नसताना त्यांनी सोसलं, ती परीक्षा होती. त्यावर ते म्हणाले, "अय्यूबांचं ठीक आहे. पण पांगळ्या पोराची कसली परीक्षा? तुमच्याकडे निदान चुकीचं का होईना, उत्तर आहे. आमच्याकडे सबर आहे." मला चुकीच्या उत्तरापेक्षा सबर बरा वाटतो, त्यांना तो पुरत नाही, आणि यावर आमचा वाद अजून चालू आहे.