भीतीला वार नेमून दिला

आप्तेष्टांना आम्ही 'लहानशी शस्त्रक्रिया' एवढेच सांगितले होते. शिश्नाचा कर्करोग हे शब्द चारचौघांत उच्चारायचे कसे? पुढे सर्वांनी पेढे मागितले, ते आम्ही उभयतांनी हसतमुखाने वाटले. पण रोग उलटेल काय, ही भीती एकमेकांजवळही बोललो नाही. व्रणापाशी जरा लाली दिसली, की एकाने रात्र जागून काढायची आणि दुसऱ्याने झोपेचे सोंग घ्यायचे, असे कित्येक महिने चालले.

अखेर एका तपासणीच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून डॉक्टरांना स्पष्टच विचारले. ते म्हणाले, हा रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या २ वर्षांत. म्हणून तोवर दर ३ महिन्यांनी आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी. पसरतो तो प्रथम जांघेतील लसिकाग्रंथींत. मूळ जागी उलटलेला रोग वेळीच सापडला, तर बहुधा पुन्हा उपचार करता येतात.

तेव्हापासून आम्ही भीतीला वार नेमून दिला. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्नानानंतर ती जागा नीट पाहायची, जांघा चाचपायच्या.

"काय हो?"

"काही नाही."

एवढ्यावर महिना निभावतो. मध्येच गाठ, व्रण वा रक्त दिसले, तर मात्र रविवारची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

तपासणीच्या आदल्या रात्री आजही झोप येत नाही. फरक इतकाच, की आता दोघेही जागे असल्याचे कबूल करतो आणि उठून चहा टाकतो.