बंद यंत्राची खबर कोणाच्या नावाने द्यायची?

13 फेब्रुवारी 2021 च्या रात्री जपानच्या फुकुशिमा भागात 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. दहा वर्षांपूर्वी इथल्याच अणुवीज प्रकल्पाच्या तीन भट्ट्या वितळल्या होत्या. त्यातल्या 3 क्रमांकाच्या भट्टीची इमारत हायड्रोजनच्या स्फोटात खिळखिळी झालेली. ती किती हलते, किती कमजोर होत चालली आहे हे कळावे म्हणून 2020 मध्ये तिथे दोन भूकंपमापक बसवले होते. या धक्क्याची नोंद त्यांनी करायची होती. नोंद झालीच नाही. एक यंत्र जुलैमध्ये पावसाच्या पाण्याने बंद पडले होते, दुसरे ऑक्टोबरमध्ये बिघडले होते. टेपको कंपनीला हे माहीत होते. तिने दुरुस्ती केली नाही आणि बाहेर सांगितलेही नाही. भूकंपानंतर नऊ दिवसांनी अणुनियामक प्राधिकरणाच्या बैठकीत विचारणा झाली, तेव्हा कबुली आली.

विहारातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात हे वाचले, तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, "जपानमध्ये सुद्धा?" आमचा हा प्रश्नच भाबडा होता. यंत्र बंद पडते तेव्हा ते कोणाला तरी दिसतेच. दिसणारा माणूस बोलला तर त्याचे काय होते, हे विचारायला हवे होते.

केई सुगाओका यांचे काय झाले ते बघा. ते जनरल इलेक्ट्रिकचे तपासनीस होते. याच प्रकल्पातल्या 1 क्रमांकाच्या भट्टीत त्यांना भेगा दिसल्या होत्या आणि त्या लपवल्या गेल्या. 2000 मध्ये त्यांनी जपानच्या सरकारी नियामकाला पत्र लिहून कळवले. नियामकाने त्यांचे नाव कंपनीला देऊन टाकले! 2002 मध्ये खोट्या नोंदींचे प्रकरण बाहेर आले, टेपकोच्या वरिष्ठांना राजीनामे द्यावे लागले, पुढच्या वर्षी कंपनीच्या सगळ्या 17 भट्ट्या तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या. म्हणजे माणूस खरे बोलत होता. तरी नाव आधी त्याचेच फुटले.

त्याहून खालच्या पायरीवर कंत्राटी कामगार. डिसेंबर 2011 मध्ये फुकुशिमातच एका उपकंत्राटदाराने आपल्या माणसांना किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रावर शिशाचे झाकण लावायला सांगितले. आकडा कमी दिसावा म्हणून. मर्यादा भरली की कामगाराला तिथे काम करता येत नाही, आणि काम गेले की मजुरी गेली. कामगाराला स्वतःच्या जिवाचे मोजमाप स्वतःच्या हाताने खोटे करायला लावणारी ही व्यवस्था आम्हाला परकी वाटली नाही. आमच्या वस्त्यांतली माणसे वायू न तपासता गटारात उतरतात, तीही रोजंदारीपायीच.

आम्ही विजेच्या विरोधात नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी या देशाच्या वीज नियोजनाचा पाया घातला. पण तेच बाबासाहेब डिसेंबर 1943 मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. वरून आलेल्या अहवालावर ते थांबले नाहीत. आपल्याकडे तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या, फुकुशिमाच्या जुन्या भट्ट्यांसारख्याच उकळत्या पाण्याच्या. त्यांच्यावर देखरेख करणारे नियामक मंडळ पुरेसे स्वतंत्र नाही, असे खुद्द कॅगने 2012 मध्ये म्हटले. मग तिथल्या एखाद्या कंत्राटी पोराला बंद पडलेले यंत्र दिसले, तर त्याने सांगायचे कोणाला?

हे बोलणे चालू असताना आमच्यातला एक जण गप्प होता. तो एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. शेवटी म्हणाला, "दादा, आमच्या प्लांटचा गॅस अलार्म दिवाळीपासून बंद आहे. रजिस्टरमध्ये रोज 'चालू' लिहितात."

"मग तू बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर आज इथे असतो, पण कामावर नसतो."

त्याला धीट हो म्हणून भाषण देणे सोपे होते. आम्ही ते दिले नाही. सुगाओकांचे पत्र एकट्याचे होते, म्हणून नाव फोडता आले. आम्ही कारखाना निरीक्षकांना अर्ज लिहिला तो अभ्यासवर्गाच्या नावाने. त्यात अलार्म कुठल्या विभागात आहे, कधीपासून बंद आहे आणि नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये होते एवढेच मांडले. खाली 23 सह्या आहेत, त्याची नाही. अर्जाची पोच मिळाली आहे, तपासणीची तारीख अजून मिळालेली नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.