खिडकीबाहेरचा पट

गाडीतला खेळ मुलांच्या मांडीवर मांडायचा नाही, हा माझा पहिला नियम. गाडी चालू असताना मान खाली घालून बसलं, की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं आपण हलतोय आणि डोळे म्हणतात समोरचं सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून मोबाइल बाद, छोटी सापशिडीही बाद. मी बनवते त्या खेळांचा पट रस्त्यावरच असतो. हातात फक्त खूण करायचं साधन.

ते साधन म्हणजे जुनी लग्नपत्रिका आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूला कडेकडेने चित्रं काढायची. वस्तू बाहेर दिसली की त्या चित्रापाशी चिमटा लावायचा. पेन्सिल सीटखाली घरंगळत नाही, सोंगट्या सांडत नाहीत. चित्रं सात-आठच पुरेत, आणि प्रत्येकाच्या पत्रिकेवर वेगळी. सारखी काढली तर 'मी आधी पाहिलं'वरून युद्ध ठरलेलं. पंच कायम आजी. गाडी चालवणाऱ्याला निवाडा मागायचा नाही.

माझं माहेर आंबागड, भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. दिवाळीला पुण्याहून निघतो आणि शिर्डीपाशी समृद्धी महामार्ग धरतो. मुंबई-नागपूर हा सारा रस्ता 701 किलोमीटरचा. शिर्डी ते नागपूर हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. त्यानं प्रवास सोपा झाला, पण माझ्या पत्रिका निकामी झाल्या. समृद्धीवर गाव रस्त्यापर्यंत येतच नाही. ना बैलगाडी, ना बाजार, ना एसटीचा थांबा.

मग तिथे डोळे मिटायचा खेळ काढला. किलोमीटरची पाटी मागे पडली की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि पुढची पाटी आली असं वाटेल तेव्हा 'आली' म्हणायचं. ताशी 100च्या वेगाला एक किलोमीटर 36 सेकंदांत सरतो, 120ला 30. मोठा मुलगा हा हिशेब कागदाविना करायला शिकला. धाकटी आकडे मोजत नाही, नुसत्या अंदाजाने त्याला हरवते. मळमळणाऱ्या मुलाला मिटलेले डोळे मानवतात, हा वरचा फायदा.

नागपूर ओलांडलं की पत्रिका पुन्हा बाहेर. या वाटेच्या पत्रिका मी ऋतूप्रमाणे बदलते आणि माझा सगळा जीव त्यात असतो. पावसाळ्यात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया, फाल्गुनात पळस, दिवाळीत बांधीतल्या धानाच्या कडपा आणि पुंजणे. बगळा बाराही महिने, कारण भंडारा हा तलावांचा जिल्हा. मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या सगळ्यांसाठी सामायिक. निम्मी वाट सरली की अर्धे चिमटे लागलेले असावेत, एवढ्या बेताने मी चित्रं निवडते.

सोबत गाड्यांच्या पाट्या. नागपुरात एमएच 31 आणि 49 दिसतात, मग भंडाऱ्याचे 36 वाढत जातात, मधूनच गोंदियाचा 35. सीजीवाले ट्रक रायपूरकडचे. तुमसरजवळ एमपी 50 दिसली, की बालाघाट जवळ आहे हे मुलांना नकाशाशिवाय कळतं.

शेवटचा पल्ला कोड्यांचा. नागपूर वसवणारा गोंड राजा कोण? बख्त बुलंद शाह. त्याच्या पदरी असलेल्या राजाखान पठाणाने 1700च्या सुमारास कोणता गड बांधला? आमचाच आंबागड. भोसल्यांनी पुढे त्याचं काय केलं? तुरुंग, असं ओरडून सांगताना मुलांना भीती आणि मजा दोन्ही वाटतात. तोवर गडाचा डोंगर खिडकीत आलेला असतो आणि आधी कुणी पाहिला यावर आजीचा निकाल लागतो.

या दिवाळीची कोडी धाकटी स्वतः तयार करतेय. तिचं पहिलंच कोडं आहे: गडाला बुरूज किती? उत्तर वर जाऊन मोजायचं, आणि मोजताना बोट लावायचं, अशी तिची अट आहे.