तारांखालचा हिशेब

गोंडपिपरीहून वरोऱ्याकडे जाताना माझी नजर पिकांवर नव्हे, विजेच्या तारांवर असते. वरोरा-भद्रावतीच्या शिवारातला माळढोक मला एकदाही दिसला नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. उडताना मान खाली झुकवली की समोरची तार त्याच्यापुरती नसतेच. दिसली, तरी एवढा जड देह ऐनवेळी वळणार कसा? या मृत्यूंची मोजदादही अवघड. माणूस पोहोचण्याआधी कोल्हे-कुत्री मेलेला पक्षी उचलून नेतात. सापडले तेवढेच मेले, असे धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो सैल केला. आमचे शिवार त्यात नव्हतेच. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. ती वीज तारांवरूनच जाते, आणि मीही दिवा लावूनच हे लिहितो आहे.