‘करू नका’ची यादी

डॉक्टरांनी सासूबाईंच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरला आणि पुढचं सगळं बोलणं माझ्या नवऱ्याशी केलं. ‘गादी झिजलीये. वयानुसार व्हायचंच.’ ज्यांचे गुडघे, त्यांना एकही प्रश्न नाही. झोप लागते का, दिवस कसा जातो, काही नाही. चिठ्ठीवर वेदनाशामक गोळी आणि खाली यादी: मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जिना टाळा, वजन उचलू नका. ती चिठ्ठी आठवली की अजून डोकं तापतं.

घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. तिथे ‘जिना टाळा’ म्हणजे बाहेरच पडू नका. सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी यादी तंतोतंत पाळली. आधी भाजी आणणं सुटलं, मग गुरुवारचं भजन. खाली बसायचं नाही म्हणून त्यांची विळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली आणि मेथी निवडायचं काम माझ्याकडे आलं. नातीच्या गॅदरिंगला ‘तुम्ही जाऊन या, माझं काय’. पहाटे तीनला टक्क जाग, जेवण दोन घासांवर. घरात सगळे म्हणायचे, गुडघ्यांमुळे चिडचिड होते. हे निम्मंच खरं होतं.

उरलेलं निम्मं कळलं ते जवळच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंमुळे. त्यांनी पंधरा प्रश्नांचा तक्ता काढला. ही ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायची चाचणी. भूक, झोप यांवर तिचा भर नसतो, कारण त्या तक्रारी म्हातारपणी दुसऱ्या आजारांनीही होतात. किती कामं नि आवडी सोडल्या, रिकामं वाटतं का, असं ती विचारते. सासूबाईंची बरीच उत्तरं नको त्या बाजूला पडली.

दुखण्याने झोप मोडते, मोडक्या झोपेने दुखणं जास्त जाणवतं. मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायनं मनःस्थितीशी जोडलेली, तशीच वेदनेचे संदेश दाबण्याशीही. म्हणून ड्युलॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सांधेदुखीतही देतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात आणि नैराश्य दोन्ही असलेले साठीपुढचे १,००१ जण होते. ज्यांच्या नैराश्यावर नीट उपचार झाले, त्यांचं दुखणंही वर्षभराने तुलनेने कमी होतं.

आणि तरीही, डॉक्टरीणबाईंनी ‘मनावरची गोळी’ म्हणताच पहिली मीच बिथरले. म्हणजे गुडघा दुखतो ते खोटं? सासूबाई तर ‘मी वेडी नाही’ म्हणून उठल्याच. मनाचं कुणी विचारलं नाही म्हणून पेटायचं आणि विचारलं की रुसायचं!

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने गोळीपलीकडचा रस्ता धरला. नैराश्याच्या उंबरठ्यावरच्या १८१ ज्येष्ठांपैकी निम्म्यांशी प्रशिक्षित सामान्य कार्यकर्ते बोलत, अडचणी सोडवायला आणि झोपेची घडी बसवायला मदत करत. वर्षभरात त्या गटात सुमारे ४ टक्क्यांना नैराश्याने गाठलं, दुसऱ्या गटात १४ टक्क्यांना. हे प्रत्येक वॉर्डात का नसावं?

सासूबाईंनी गोळी नाकारली. व्यायामाला मात्र कशाबशा तयार झाल्या: खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, मांडीचे स्नायू बळकट होतात आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो. भजनाच्या बायकांना आम्ही गुरुवारी घरीच बोलावतो. त्यातल्या दोघींचे गुडघे सासूबाईंपेक्षा वाईट. त्या जिन्याला शिव्या घालत चढतात. नणंद ऑपरेशनचा हट्ट धरते. ‘दिवाळीनंतर बघू,’ सासूबाई म्हणतात. कुठली दिवाळी, ते सांगत नाहीत.